माघार किती महाग पडेल, हे कोण ठरवतं?

सदाशिव पेठेत राहून लोकसेवा आयोगाची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं मला प्रश्न पाठवला आहे: "माध्यमं देशाचं परराष्ट्र धोरण घडवतात, की सरकारं माध्यमांना हवं तसं वापरून घेतात? आणि मराठी वर्तमानपत्रं वाचून जगाचं राजकारण खरंच कळतं का?" माझी सगळी नोकरी पुण्यातल्या मराठी दैनिकाच्या डेस्कवर, देश-विदेशचं पान लावण्यात गेली. तेव्हा पुस्तकी उत्तर देत नाही. बातमी ज्या वाटेनं येते त्या वाटेवर बसून जे दिसलं, ते सांगतो.

आधी थेट उत्तर. सरकारचं मन पक्कं झालेलं असेल तर माध्यमं त्याला क्वचितच वळवतात, बहुतेक वेळा त्याच्याच मागून चालतात. मन डळमळीत असेल, तर काही दिवसांपुरता माध्यमांचा रेटा निर्णायक ठरू शकतो. पण याहून महत्त्वाचं एक काम ती रोज करतात आणि परीक्षेच्या नोट्समध्ये ते सहसा सापडत नाही. नेत्याला उद्या दोन पावलं मागे यायचं झालं तर ते त्याला किती महाग पडेल, हे माध्यमं ठरवतात. तह, युद्धविराम, सीमेवरून सैन्य मागे घेणं, या सगळ्यात कुणीतरी मागे येतंच. म्हणून ही किंमत समजली की बाकीचं बरंच उलगडतं.

तुमच्या नोट्समध्ये 'सीएनएन इफेक्ट', म्हणजे टीव्हीवरच्या दृश्यांचा सरकारच्या निर्णयावर पडणारा दबाव, असेलच. सोमालियातल्या दुष्काळाची दृश्यं पाहून अमेरिकेनं डिसेंबर १९९२ मध्ये सैन्य उतरवलं आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूत १८ अमेरिकी सैनिक मारले गेल्यावर, मृतदेहाच्या विटंबनेची दृश्यं पाहून, क्लिंटन यांनी ३१ मार्च १९९४ पर्यंत सैन्य परत आणण्याची घोषणा केली, असं त्याचं सार. हे उदाहरण लिहाल तर पुढची ओळही लिहा. ती मुदत संपते न संपते तोच एप्रिल १९९४ मध्ये रवांडात नरसंहार सुरू झाला. शंभरएक दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मारली गेली. बातम्या बाहेर येत होत्या, पण तो थांबवण्यासाठी कोणत्याही बड्या राष्ट्रानं वेळेत सैन्य धाडलं नाही, कारण न जाण्याचा निर्णय आधीच झाला होता. त्याच रवांडात एका खासगी रेडिओ केंद्रानं तुत्सी जमातीच्या लोकांना ठार मारण्याची चिथावणी दिली. त्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं २००३ मध्ये माध्यमांशी संबंधित तिघांना दोषी ठरवलं. दूरच्या राजधान्यांतल्या टीव्हीपेक्षा गावातला रेडिओ जास्त परिणाम करून गेला.

आता पुण्यातलं उदाहरण घेतो. सत्ताधारी देश आणि वृत्तपत्र यांचं नातं याच्याइतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं मला माहीत नाही. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनला गेले होते. इकडे पुण्यात प्लेग होता. प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेत होते, लोकांचा संताप अनावर झाला होता. पुण्याहून विश्वासू माणसांची पत्रं गोखल्यांना जात होती. त्यांच्या आधारे त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला माहिती दिली. त्यात दोन स्त्रियांवर सोल्जरांनी बलात्कार केल्याचा आणि त्यांतल्या एकीनं जीव दिल्याचा आरोप होता. विलायतेत खळबळ उडाली. पार्लमेंटमध्ये विषय निघाला, मुंबई सरकारनं आरोप नाकारला आणि पुरावा मागितला. तोवर २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली होती. सरकार सूडाच्या मनःस्थितीत होतं. गोखले परतले तेव्हा नावानिशी पुढे येऊन साक्ष देणारं कुणी नव्हतं. त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिन्यांची शिक्षा झाली.

यातून काय घ्यायचं? झडत्यांमधला जाच पुण्यानं सोसला होता, त्याबद्दल वाद नाही. पण विलायतेतल्या वाचकापुढे सिद्ध न होणारा एक तपशील गेला आणि बलाढ्य पक्षानं तेवढ्याच तपशिलावर सगळा मोहरा वळवला. मूळ प्रश्न बाजूला पडला. दुबळ्याची एक अपुरी बातमी काही महिन्यांत त्याच्यावर उलटते. गोखल्यांबद्दल मला अपार आदर आहे, आणि त्या माफीमुळे तो कमी होत नाही. ज्याच्याकडे सैन्य नसतं त्याच्याकडे फक्त विश्वासार्हता असते, हे त्यांनी जाणलं होतं.

याच्या उलट बाजू पाहा. इराकनं कुवेत व्यापला होता तेव्हा, १० ऑक्टोबर १९९० ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी लोकप्रतिनिधींसमोर १५ वर्षांच्या एका कुवेती मुलीनं रडत रडत सांगितलं, की इराकी सैनिकांनी रुग्णालयातल्या इन्क्युबेटरमधून अर्भकं काढून जमिनीवर टाकली. हे कथन जगभर छापलं गेलं, खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ते पुन्हा पुन्हा सांगितलं. ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूतांची कन्या होती आणि ते सगळं एका जनसंपर्क कंपनीच्या मोहिमेचा भाग होतं, हे उघड झालं जानेवारी १९९२ मध्ये. तोवर अमेरिकेचं इराकशी आखाती युद्ध होऊन गेलं होतं. पुढे २००३ च्या इराक युद्धाआधी संहारक शस्त्रांच्या बातम्यांचं तेच झालं. 'न्यू यॉर्क टाइम्स'नं आपल्या वार्तांकनातल्या उणिवा मान्य करणारं टिपण छापलं ते २६ मे २००४ ला, युद्ध सुरू होऊन वर्ष उलटल्यावर. बलवानाची अपुरी बातमी उशिरा उघडी पडते आणि तिची किंमत दुसराच देश मोजतो.

सरकार माध्यमांना फक्त खोटंच देतं असं मात्र समजू नका. खरी माहितीसुद्धा वेळ साधून दिली जाते. कारगिल युद्धात ११ जून १९९९ ला परराष्ट्रमंत्री जसवंत सिंग यांनी पत्रकार परिषदेत एक टेप जाहीर केली. तेव्हा बीजिंगमध्ये असलेले पाकिस्तानचे लष्करप्रमुख जनरल मुशर्रफ आणि रावळपिंडीतले लेफ्टनंट जनरल मोहम्मद अझीज यांच्यातलं दूरध्वनी संभाषण त्यात होतं. घुसखोरीमागे पाकिस्तानी लष्करच आहे, हे त्यातून स्पष्ट होत होतं. असा टेप उघड करणं म्हणजे ऐकण्याची ती वाट आपल्याच हातानं धोक्यात घालणं. तरी तो त्याच दिवशी का दिला? कारण पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री सरताज अझीज दुसऱ्याच दिवशी दिल्लीत येणार होते. बातमी भारतीय पत्रकारांना दिली, पण ऐकवायची होती इस्लामाबाद आणि वॉशिंग्टनला. अशी बातमी समोर आली की मी डेस्कवरच्या मुलांना एवढंच विचारायचो: ही आजच का आली, आणि उद्या कोण कुठे जाणार आहे?

आता माघारीच्या किमतीकडे येतो. यासाठी आग्र्याची शिखर परिषद बारकाईनं वाचा. जुलै २००१. वाजपेयी आणि मुशर्रफ बंद खोलीत बोलत होते, बाहेर शेकडो पत्रकार तिष्ठत होते. १५ तारखेच्या संध्याकाळी माहिती-प्रसारण मंत्री सुषमा स्वराज यांनी चर्चेत आलेले विषय सांगितले. त्यात काश्मीरचं नाव नव्हतं, त्यामुळे पाकिस्तानी शिष्टमंडळ नाराज झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुशर्रफ यांनी भारतीय संपादकांना नाश्त्याला बोलावलं आणि काश्मीर हाच मूळ प्रश्न आहे, हे आक्रमकपणे मांडलं. त्या नाश्त्याचं चित्रीकरण त्याच दिवशी, बोलणी चालू असतानाच, टीव्हीवर झळकलं. मसुद्यावर आत शब्दाशब्दाची घासाघीस चालली होती आणि बाहेर मुशर्रफ यांची भूमिका कोट्यवधी घरांत पोचली होती. त्यानंतर भारतानं एखादा शब्द सोडला असता तर तो टीव्हीवरच्या त्या भाषणापुढे झुकल्यासारखा दिसला असता, आणि मुशर्रफ यांनी सोडला असता तर त्यांच्या देशात तेच म्हटलं गेलं असतं. संयुक्त निवेदन झालंच नाही. बोलणी फिसकटण्यामागे दोन्ही बाजूंची अंतर्गत कारणंही होती. एका चित्रफितीवर सगळा दोष टाकणं चूक ठरेल. पण मागे यायची जागा त्या सकाळी आक्रसली, हे मला आजही ठामपणे वाटतं.

पुण्याला याची उलट बाजू माहीत आहे. भारत-पाकिस्तान परराष्ट्र सचिवांची बोलणी २५ फेब्रुवारी २०१० ला होणार असं ठरलं आणि लगेच, १३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी, कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला. १७ जणांचा जीव गेला. बोलणी रद्द करा, हा सूर वाहिन्यांवर त्याच रात्रीपासून लागला. पुणेकरांचा रागही खरा होता, आपल्याच शहरातली माणसं गेली होती. तरी बोलणी ठरल्या दिवशी दिल्लीत झाली. त्यांतून हाती काही लागलं का, हा वेगळा विषय. आपल्याला पाहायचं ते एवढंच, की निश्चय असेल तर सरकार दोन आठवड्यांचा गदारोळ पेलतं. १९९९ च्या डिसेंबरात विमान अपहरणाच्या वेळी मात्र तसं झालं नव्हतं. कंदाहारला प्रवासी अडकलेले, दिल्लीत नातेवाइकांचा आक्रोश चोवीस तास पडद्यावर, आणि सरकारचं मन ठरत नव्हतं. शेवटी ३१ डिसेंबरला मसूद अझहरसह तीन दहशतवादी सोडले गेले.

सर्वांत ताजं उदाहरण मे २०२५ चं. ७ मेच्या सकाळी ऑपरेशन सिंदूरबद्दलचं सरकारी निवेदन आलं तेव्हा मी त्यातले शब्द अधोरेखित करून ठेवले: कारवाई लक्ष्यकेंद्रित, मोजूनमापून केलेली आणि संघर्ष न वाढवणारी आहे. म्हणजे पहिल्याच दिवशी, पहिल्याच कागदात, थांबण्याचा दरवाजा उघडा ठेवला होता. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री आणि सेनादलांच्या दोन महिला अधिकारी रोज शांतपणे माहिती देत होते. आणि ८ मेच्या रात्री काही वाहिन्या काय दाखवत होत्या? कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं! तसं काहीच घडलं नव्हतं. १० मेला दुपारी ३:३५ वाजता पाकिस्तानच्या डीजीएमओंचा, म्हणजे लष्करी कारवाया पाहणाऱ्या महासंचालकांचा, फोन आला, सायंकाळी ५ पासून गोळीबार थांबवायचं ठरलं, आणि दिल्लीनं सांगण्याआधीच ट्रम्प यांनी ते आपल्या समाजमाध्यमावर जगाला सांगून टाकलं. दोन रात्री ज्यांना कराची पडल्याचं दाखवलं होतं त्यांना साहजिकच वाटलं, जिंकत असताना थांबलो कशाला? तो राग निघाला मिस्री यांच्यावर. त्यांना आणि त्यांच्या मुलीला इतकी शिवीगाळ झाली की त्यांना आपलं खातं सार्वजनिक नजरेआड करावं लागलं. सरकारी धोरण निष्ठेनं, नेमक्या शब्दांत मांडणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच देशाच्या प्रेक्षकांनी ही शिक्षा द्यावी, याचा मला मनस्वी संताप येतो. माघारीची किंमत ती हीच, आणि ती खोट्या बातमीनं वाढवली होती.

डोकलामशी तुलना करा. १६ जून ते २८ ऑगस्ट २०१७, असे ७३ दिवस भारत आणि चीनचं सैन्य तिथे समोरासमोर होतं. चीनचं 'ग्लोबल टाइम्स' हे पत्र रोज धमकावत होतं आणि दिल्ली मोजकंच बोलत होती. शेवटी दोन्हीकडचं सैन्य मागे गेलं, कारण दिल्लीनं स्वतःला कोपऱ्यात ढकलणारं एकही वाक्य उच्चारलं नव्हतं. त्या काळात मराठी दैनिकांत 'चीनची पुन्हा धमकी' असे मथळे वरचेवर दिसायचे आणि आत वाचलं की तो 'ग्लोबल टाइम्स'चा अग्रलेख निघायचा. हे पत्र कम्युनिस्ट पक्षाच्या 'पीपल्स डेली'च्या छत्राखालचं आहे, त्याला मोकळेपणानं गुरगुरण्याची मुभा असते. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्याचं वाक्य, खुद्द 'पीपल्स डेली'चा अग्रलेख आणि 'ग्लोबल टाइम्स' यांचं वजन वेगवेगळं आहे. ते न ओळखता 'चीन म्हणतो' असं लिहिणं हे आळशी काम आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. मराठी वर्तमानपत्राच्या विदेश पानावर बातमीच्या डोक्यावर बहुधा 'वृत्तसंस्था' एवढंच असतं. कोणती, ते सांगितलेलं नसतं. १८७० मध्ये रॉयटर्स, फ्रान्सची हाव्हास आणि जर्मनीची वोल्फ या तीन संस्थांनी करार करून जग आपापसांत वाटून घेतलं होतं. ब्रिटिश साम्राज्य रॉयटर्सच्या वाट्याला आलं. आपल्याकडे पीटीआय या वृत्तसंस्थेची स्थापना १९४७ मध्ये झाली आणि १९४९ मध्ये तिनं रॉयटर्सच्या हाताखालचं देशांतर्गत काम आपल्याकडे घेतलं. पण परदेशातली बातमी आजही मोठ्या प्रमाणात रॉयटर्स, एपी, एएफपी यांच्याच नजरेतून येते. अलिप्त राष्ट्रांनी १९७६ मध्ये आपला वृत्तसंस्थांचा संच उभारून पाहिला. तो टिकला नाही, कारण बहुतेक सरकारी संस्था आपापल्या नेत्यांची भाषणं पाठवायच्या आणि ती छापावीत असं कुठल्याच डेस्कला वाटत नसे.

पान वाकडं होतं ते नुसत्या परक्या नजरेनं नाही, आपल्या निवडीनंसुद्धा. फेब्रुवारी-मार्च २०२२ आठवा. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी महाराष्ट्रातली मुलं खारकीव्हच्या तळघरांतून फोन करत होती. त्यांच्या बातम्यांनी पानं भरली आणि ते योग्यच होतं, घरोघरी जीव टांगणीला लागले होते. ऑपरेशन गंगा या सरकारी मोहिमेतून सुमारे २२,५०० भारतीय परत आले. पण २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या निषेधाच्या ठरावावर १४१ देशांनी बाजूनं मत दिलं आणि भारतासह ३५ देश तटस्थ राहिले, ती बातमी कुठे आणि केवढी लागली होती, ते जुने अंक काढून पाहा. ज्या निर्णयानं पुढच्या काही वर्षांचं तेल, शस्त्रखरेदी आणि युरोपशी संबंध यांवर परिणाम होणार होता, त्यावर आपल्या वाचकाला चर्चा करायला फारसं काही मिळालं नाही.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाच्या अगदी जवळची आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये बीबीसीनं मराठी सेवा सुरू केली. तिच्या विस्ताराचा पैसा ब्रिटिश सरकारकडून आला आणि त्याची घोषणा २०१५ च्या संरक्षण व सुरक्षाविषयक आढाव्यात झाली होती. म्हणजे जगात आपला प्रभाव राखण्यासाठी ब्रिटननं ज्या भाषांवर खर्च केला, त्यांत आपली मराठी आहे. यावरून त्या सेवेच्या बातम्या खोट्या ठरत नाहीत. तिचं काम मी आवडीनं वाचतो. शीतयुद्धात सोव्हिएत वकिलातीची गुळगुळीत कागदावरची मासिकं मराठीतही यायची आणि घरोघरी पुस्तकांना त्यांची कव्हरं लागायची, तोही त्याच गोष्टीचा भाग होता. ट्रम्प प्रशासनानं मार्च २०२५ मध्ये 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या सरकारी प्रसारण संस्थेच्या कर्मचाऱ्यांना घरी बसवलं, किंवा सौदी अरेबिया आणि त्याच्या साथीदारांनी २०१७ मध्ये कतारपुढे ठेवलेल्या १३ मागण्यांत अल जझीरा ही कतारची वाहिनी बंद करण्याची मागणी होती, या घटना अशाच वाचायच्या. एखादी वाहिनी बंद करा असं चार देश मिळून मागतात तेव्हा ती वाहिनीच परराष्ट्र धोरणाचा एक ऐवज झालेली असते. कतारनं ती बंद केली नाही आणि २०२१ मध्ये त्या देशांनी घातलेली नाकेबंदी उठली.

अभ्यासासाठी एक सवय लावून घ्या. दोन नेते भेटले की दोन्ही राजधान्यांची निवेदनं शेजारी ठेवून वाचा. ऑगस्ट २०२३ मध्ये जोहान्सबर्गला मोदी आणि शी जिनपिंग यांच्यात बोलणं झालं. बीजिंग म्हणालं, भारताच्या विनंतीवरून झालं. दिल्लीतून सांगण्यात आलं, की भेटीची विनंती चीनकडूनच आलेली होती. कोण आधी बोलायला गेलं यावर एवढी ओढाताण का, याचं उत्तर शोधलंत की माघारीच्या किमतीबद्दल मी वर जे लिहिलं ते तुम्हाला वेगळं शिकावं लागणार नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या साप्ताहिक ब्रीफिंगच्या शब्दशः प्रती संकेतस्थळावर मिळतात. त्यांत उत्तरांइतकंच प्रश्नांकडे पाहा. कुठल्या पत्रांचे आणि वाहिन्यांचे वार्ताहर काय विचारतात, आणि प्रवक्ता कोणत्या प्रश्नाला नुसतं जुनंच वाक्य वाचून दाखवतो.

त्या प्रश्नांत मराठी दैनिकांचे प्रश्न फारसे नसतात. ते असायला हवेत, असं मला कळकळीनं वाटतं. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धावर 'केसरी' लिहीत होता तेव्हा त्याचा वार्ताहर काही तिकडे नव्हता. माहिती इंग्रजी तारांतूनच यायची, पण आशियातल्या पारतंत्र्यातल्या माणसाला याचा अर्थ काय, हा प्रश्न पुण्यातला होता. आज तर साधनं कितीतरी जास्त आहेत. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. रशियन किंवा जपानी शिकायला सुरुवात करा. आयोगाच्या परीक्षेत यश आलं तर ती भाषा परराष्ट्र सेवेत उपयोगी पडेल. नाही आलं, तर एखाद्या मराठी डेस्कवर मॉस्को किंवा टोकियोचं मूळ निवेदन वाचून बातमी लिहिणारं कुणीतरी हवंच आहे.